जुना रेबॅन म्हणून ₹१०,३०० चा गंडा: पैसे देण्याआधी काचेच्या कडेवरची अक्षरं बघा

ऐंशीच्या दशकातला अमेरिकन रेबॅन एव्हिएटर, म्हणजे बारीक फ्रेमचा उन्हाचा चष्मा, अस्सल काचेचा, भुसावळला रेल्वेत नोकरी केलेल्या आजोबांचा. एवढं सांगून एका भामट्याने माझ्याकडून ₹१०,३०० उकळले. टोकन ₹३,०००, पार्सल टाकताना ₹५,५००, आणि वर 'विम्याचे' ₹१,८००, जे पार्सल हातात पडल्यावर परत मिळणार होते. आला तो प्लॅस्टिकच्या काचांचा नकली चष्मा. हातगाडीवर तो ₹१५० ला मिळतो. पुढे नंबर बंद, फोटो गायब, नेहमीचंच.

सगळ्यात जिव्हारी लागतो तो त्याने पाठवलेला तिसरा फोटो. डावी काच, बिजागरीकडची कड, तिरपा उजेड, आणि त्यात कोरलेली दोन बारीक अक्षरं: आरबी. रेबॅन हा मूळचा बॉश अँड लोम्ब कंपनीचा ब्रँड. १९९९ मध्ये तो इटलीच्या लक्झॉटिकाकडे गेला. बॉश अँड लोम्बच्या त्या काळातल्या काचेवर त्या जागी 'बीएल' कोरलेलं असतं. 'आरबी' आलं ते नंतर. म्हणजे ऐंशीच्या दशकातला म्हणून दाखवलेल्या चष्म्यावर 'आरबी' दिसलं की एक तर काच बदललेली आहे किंवा सगळंच खोटं आहे. पुरावा समोर होता. पण अक्षरं जेमतेम मिलिमीटरभर उंचीची, व्हॉट्सॲपवर फोटो दाबला जातो आणि ती ओरखड्यासारखी दिसतात. शिवाय पहिल्या फोटोत नाकावरच्या पट्टीवर 'बी अँड एल रेबॅन यू.एस.ए.' आणि ५८-१४ हे माप (काचेची आणि नाकावरच्या पट्टीची रुंदी, मिलिमीटरमध्ये) अगदी बरोबर होतं. त्याने फ्रेमचे फोटो एका खऱ्या चष्म्याचे घेतले होते आणि काचेचे दुसऱ्याच. असं मिसळून दिल्यावर जाणकारही फसतो, हे मी ठामपणे सांगतो.

म्हणून सुटे फोटो घेऊच नका. चष्म्याशेजारी तुमचं नाव आणि आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून, मध्ये न थांबवता काढलेला एकच व्हिडिओ मागा. त्यात काच दिव्याखाली हळूहळू तिरपी झाली पाहिजे, कानावर बसणाऱ्या कांडीची आतली बाजूही दिसली पाहिजे. व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो दाबला जात नाही. कांडीच्या आतल्या बाजूला 'आरबी ३०२५' असा मॉडेल नंबर असेल तर तो लक्झॉटिकाच्या काळातला माल, 'आजोबांचा' कसला? नाकाच्या गाद्यांवरून मात्र काही ठरवू नका, त्या बदललेल्या असतात.

सोन्याचं आमिषही दाखवतात, आणि जळगावात ते लगेच चालतं. जुन्या काही फ्रेमवर '१/३० १० कॅरेट' असा ठसा असतो. त्याचा अर्थ धातूच्या वजनाचा तिसावा भाग १० कॅरेट सोनं. फ्रेम १५ ग्रॅमची धरली तर शुद्ध सोनं ०.२ ग्रॅमच्या आसपास. त्यासाठी कोणी तीन-चार हजार चढे मागितले तर फोन ठेवून द्या.

माल समोरासमोर बघत असाल तर काच गालाला लावा: खरी काच गार लागते, प्लॅस्टिक लागत नाही. नखाने टिचकी मारली की काचेचा आवाज टणक येतो. जुनी हिरवट जी-१५ काच साधारण १५ टक्केच प्रकाश आत सोडते, तरी रंग फारसे बिघडत नाहीत. नकली चष्म्यात हिरवा रंग भडक येतो. आणि हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. अतिनील किरण न अडवणाऱ्या गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि ते किरण जास्तच आत जातात. आपल्याकडच्या मे महिन्यात ४४-४५ अंशांच्या उन्हात असला चष्मा लावण्यापेक्षा उपरणं बांधलेलं बरं. कुठलाही जुना चष्मा वापरायला काढण्याआधी चष्मेवाल्याकडे यूव्ही मीटरवर लावून घ्या. फ्रेम बारीक तारेची असेल तर दोन्ही हातांनीच काढा-घाला. एका हाताने ओढली की बिजागरी वाकते आणि जुने स्क्रू सहज मिळत नाहीत.

आता यंत्रणेबद्दल. बँकेने पहिल्याच वाक्यात हात वर केले: यूपीआयचा पिन तुम्हीच टाकलात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली गेली, पावती क्रमांक आला, पुढे काहीच नाही. पोलीस ठाण्यात म्हणाले, "पार्सल तर मिळालं ना? मग हा दिवाणी वाद." दिवाणी कसला? नकली माल अस्सल म्हणून विकणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठीच आहे. मग म्हणाले, भामट्याचं खातं ज्या हद्दीत आहे तिकडे जा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून खबर नाकारता येत नाही, हे तिथे बसलेल्याला ठाऊक नसेल असं मी मानत नाही. वरून "चष्म्यासाठी एवढं?" असा प्रश्न. दहा हजार तीनशे रुपये ही आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बाईची कित्येक आठवड्यांची मजुरी आहे. ती गेली तरी हेच विचारणार का?

ठाण्यात तोंडी बोलू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. घेत नसतील तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. १९३० ला फोन पैसे गेल्या गेल्या करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकली की गोठवायला काही उरत नाही. पार्सल फोडताना लेबलपासून सलग व्हिडिओ काढा. यूपीआयवर दिसणारं नाव आणि विकणाऱ्याने सांगितलेलं नाव जुळलं नाही तर एक रुपयाही पाठवू नका. आणि 'विमा', 'सोडवणूक', 'परत मिळणारी अनामत' यातला एक जरी शब्द कानावर आला तर व्यवहार तिथेच तोडा. आधी दिलेलं टोकन वाचवण्यासाठी पुढचे पैसे टाकू नका.