जेईई-सीईटीचा स्टडी प्लॅनर, घ्यावा का?

लेक इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षांची, म्हणजे जेईई-सीईटीची तयारी करतेय, तिच्यासाठी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातनं हा प्लॅनर आणला. कागद जाड आहे, जेलपेन मागे उमटत नाही, तेवढं बरंय. पण आतलं टाइमटेबल ज्यानं बनवलंय त्यानं बारावीचं पोर घरात कधी बघितलं नसावं, पहाटे साडेचारला उठा आणि रात्री अकरापर्यंत नुसते रकानेच रकाने, मग कॉलेज, प्रॅक्टिकल, जेवण कुठे बसवायचं? त्यात तिन्ही विषयांना वेळ सारखाच. अहो सीईटीला मॅथ्सचे 50 प्रश्न 2-2 मार्कांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न 1-1 मार्काचे, म्हणजे 200 पैकी निम्मे मार्क एकट्या मॅथ्सला, मग रोजचा वेळही तसा नको का? अकरावीच्या रिव्हिजनला तर जागाच नाही, सीईटीत साधारण 20 टक्के अकरावीचं येतं तरी.

आठवड्याच्या शेवटचं पान मात्र भारी आहे, मॉक टेस्टमधल्या चुका विषयवार लिहायला, पोरगी तेवढंच नेमानं भरते. मॉक जेईई मेनच्या शिफ्टच्याच वेळी, 9 ते 12 किंवा 3 ते 6 ला लावा असंही दिलंय, ते पटलं. पण तेवढ्यासाठी एवढे पैसे नका घालवू, दोनशेपानी वही घ्या आणि रकाने स्वतः आखा.