आखाजीचा वानोळा: बिबडे, सांजोऱ्या आणि पन्ह्याचा गर

आखाजीला, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीच्या हाती द्यायला जळगावच्या एका बचत गटाचा हा डबा चांगला आहे, पण सगळाच सारखा उतरलेला नाही.

बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, मात्र फर्मास! ज्वारी तीन दिवस भिजवून नीट आंबवलेली, घाट्यात, म्हणजे शिजवलेल्या पिठात, लसूण, तीळ, मिरची बेताची. तळताना तेल कडकडीत हवं. मंद आचेवर बिबडा फुलत नाही, तेल पितो. कडेचा तुकडा मोडून पाहा: कट्‌कन मोडला तर आत ओल नाही. लवला तर आधी तासभर उन्हात टाका, नाहीतर बुरशी धरेल.

सांजोऱ्यांचं सारण गोडीला अचूक, पण पारी मऊ पडलेली. गरम असतानाच डब्यात भरल्या की वाफेचं पाणी होतं आणि खुसखुशीतपणा जातो. तळल्यावर तीन-चार तास चाळणीवर पसरून ठेवायलाच हव्यात.

पन्ह्याचा गर उकडलेल्या कैरीचा, गूळ साधारण दीडपट, वेलची ताजी कुटलेली. पेलाभर गार पाण्यात दोन मोठे चमचे पुरतात. बाटलीवर ‘फ्रीजमध्ये ठेवा’ असं लिहिलेलं नाही, ही मोठी चूक. आपल्याकडच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत बाहेर राहिलेला गर लवकर आंबतो. झाकण उघडताना फस्स आवाज आला तर सरळ टाकून द्या. काढताना चमचा कोरडाच हवा.

लांब सासर असेल तर बिबडे दुप्पट मागा, गर गावातच द्या.