फ्रोझन मिक्स बेरीचं पाकीट: क्रंबलसाठी घ्या, केकसाठी नको

पहिले निकाल सांगून टाकतो, नंतर ज्याला वाचायचंय त्याने वाचा. फ्रोझन मिक्स बेरीचं ५०० ग्रॅमचं पाकीट ओव्हनमधे क्रंबल (खाली फळ, वर पिठाचा चुरा) करायला एकदम बढिया, दह्यात घालून खायला ठीक, केक-मफिनसाठी पैसे वाया. आणि स्मूदीत कच्चंच फिरवणार असाल तर खाली एक गोष्ट लिहिलीय ती वाचून मग ठरवा.

ब्रँडचं नाव टाकत नाहीये, कारण इंदूरमधे डिलिव्हरी ॲपवर जी दोन-तीन पाकिटं दिसतात त्यांत मला फारसा फरक वाटला नाही, छपाई वेगळी आणि आतला माल जवळपास तोच. भाव साडेचारशे ते सहाशेच्या मधे कुठेतरी, ऑफर असेल तेव्हा घ्या, घाई काही नाही, फ्रोझनच आहे.

आत स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, रास्पबेरी, ब्लॅकबेरी. पण सारख्या वाटणीत अजिबात नाही. मागची घटकांची यादी बघा, जे वजनाने जास्त ते आधी लिहायचं असा आपल्याकडे नियम आहे, आणि पहिलं नाव स्ट्रॉबेरीचंच असतं. म्हणजे सगळ्यात स्वस्त फळ सगळ्यात जास्त. याने फक्त चवीचा नाही, फायबरचाही फरक पडतो, रास्पबेरीत १०० ग्रॅमला साधारण साडेसहा ग्रॅम फायबर, ब्लॅकबेरीत पाचच्या वर, आणि स्ट्रॉबेरीत फक्त दोन. समोर फोटो रास्पबेरीचा मोठ्ठा, आत रास्पबेरी मोजक्याच आणि त्याही अर्ध्या फुटलेल्या. साखर मात्र वेगळी घातलेली नसते, ते एक चांगलं.

आता कोणी म्हणेल ताजं फळ सोडून बर्फातलं कशाला. तर भाऊ, ही चारही फळं तिकडे युरोपात जून ते ऑगस्ट एकत्र येतात म्हणून तिकडच्या उन्हाळ्यात बेरीची बेक केलेली गोड डिश घरोघर होते. आपल्याकडे स्ट्रॉबेरी थंडीचं पीक, महाबळेश्वर-पाचगणीचा माल डिसेंबर ते मार्च चालतो (२०१० पासून त्याला जीआय टॅगही आहे), मे महिन्यात इंदूरमधे ताजी स्ट्रॉबेरी शोधत फिरलात तर फारतर मिल्कशेकमधलं गुलाबी सिरप सापडेल. ताज्या रास्पबेरीची तर इथे गोष्टच सोडा.

डिलिव्हरीबद्दल मात्र तक्रार आहे आणि ती जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे इथेच बुडतात. या बेरी कारखान्यात एकेक वेगळी गोठवलेली असते, त्यामुळे पाकीट हलवलं की आतल्या बेरी गोट्यांसारख्या खुळखुळल्या पाहिजेत. मी एकदा मे महिन्यात भर दुपारी मागवलं, बाहेर बेचाळीस डिग्री, आणि आलं ते एक अख्खं ढेकूळ. याचा अर्थ वाटेत किंवा त्यांच्या गोडाऊनमधे कुठेतरी ते वितळलं आणि परत गोठलं. आतल्या बाजूला बर्फाचा भुगा दिसला तरी तेच समजायचं, फळातलं पाणी बाहेर येऊन गोठलेलं असतं ते. पाकिटावर मायनस १८ लिहिलंय ते उगाच नाही. मी परत पाठवलं, पैसे मिळाले, पण कस्टमर केअरवाला आधी म्हणतो सर फ्रोझन आहे तर जमलेलंच असणार ना. आता काय बोलायचं याला. तेव्हापासून रात्री नऊनंतरच मागवतो आणि दारातच पाकीट हलवून बघतो, डिलिव्हरीवाला भिया हसतो, हसू दे.

स्मूदीवाली गोष्ट. फ्रोझन बेरी धुऊन गोठवलेली असली तरी शिजवलेली नसते आणि गोठवल्याने व्हायरस मरत नाहीत. जर्मनीत २०१२ मधे शाळा आणि पाळणाघरांत गोठवलेल्या स्ट्रॉबेरीमधून नोरोव्हायरस (उलट्या-जुलाब करणारा) पसरून ११ हजारांच्या आसपास लोक, बहुतेक मुलंच, आजारी पडली होती, आणि ऑस्ट्रेलियात २०१५ मधे मिक्स बेरीमुळेच हिपॅटायटिस ए (एक प्रकारची कावीळ) ची प्रकरणं निघाली. घाबरवायला लिहीत नाहीये, रोज लाखो लोक खातात. पण घरात लहान पोर किंवा म्हातारं माणूस असेल तर कच्चं देण्यापेक्षा खदखदून शिजलेलं दिलेलं बरं, आणि क्रंबलमधे फळ चांगलं उकळतंच. दह्यात घालायचं तरी मी आधी एक उकळी काढून गार करून घालतो.

आता क्रंबल. ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी, खाली फळ आणि वर पीठ-लोणी-साखरेचा चुरा, हे ओव्हनमधे जातं, मूळ इंग्लंडकडचं. मला बेक केलेल्या फळाच्या सगळ्या प्रकारांत हेच हेल्दी करायला सोपं वाटतं आणि त्याला कारण आहे. केकमधे साखर फक्त गोडीसाठी नसते, ती केक ओलसर ठेवते, फुगायला आणि मऊ राहायला मदत करते, निम्मी केली की केकचा ठोकळा होतो आणि मग माणूस म्हणतो हेल्दी म्हणजे असंच बेचव असतं. क्रंबलला फुगायचंच नाहीये! साखर कापली तर फक्त गोडी कमी होते, बाकी काही बिघडत नाही. फार तर वरचा थर जरासा कमी कुरकुरीत.

साधारण रेसिपीत ५०० ग्रॅम फळाला १०० ग्रॅम साखर फळात आणि १०० चुऱ्यात, सहा जणांत वाटलं तर माणशी ३३ ग्रॅम. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे एका वाटीत दिवसाचा कोटा संपून वर उधारी. मी साखरेऐवजी गूळ, ३० फळात आणि ३० चुऱ्यात घालतो, माणशी १० ग्रॅम. आणि हो, गूळ घातला, मध घातला की हेल्दी झालं असं समजणारे आमच्याच घरात आहेत, ताई तर मधाची बाटली घेऊनच येते. डब्ल्यूएचओच्या हिशोबात मधही त्याच २५ ग्रॅममधे मोजतात. गूळ चवीसाठी घाला, बेरीबरोबर खरंच छान लागतो, पण मोजून घाला.

पाकीट वितळवायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. गोठवताना बर्फाचे कण फळाच्या पेशी फोडतात, त्यामुळे वितळलं की सगळा रस खाली आणि वर लगदा. केकमधे हाच रस पिठात उतरून मधे कच्चा गिचका करतो, शिवाय सोडा असला की ब्लूबेरीच्या भोवती हिरवट-निळे डाग पडतात, कारण तो जांभळा रंग आंबटात लाल आणि सोड्यात निळा-हिरवा होतो. खायला काही होत नाही पण पाहुण्यांसमोर ठेववत नाही. क्रंबलमधे मात्र रस आपल्याला हवाच असतो. गोठलेल्या बेरीवर सरळ गुळाची पावडर, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोर, एक चमचा लिंबाचा रस, हलवलं की झालं. कॉर्नफ्लोर कमी केला तर सूप होतं.

वरचा चुरा: १०० ग्रॅम ओट्स, ५० ग्रॅम कणीक, मूठभर बदामाचे तुकडे (सियागंजमधून आणा, ॲपवाल्यांपेक्षा चांगले आणि स्वस्त), गूळ, चिमूट मीठ, दालचिनी किंवा वेलची, आणि ५० ग्रॅम तूप. ओट्स जाडे घ्या, तीन मिनिटांत शिजणारे घेतले तर त्यांची पावडर होते. लोण्याऐवजी तूप आईच्या आग्रहाने, आणि उन्हाळ्यात ते आधी फ्रीजमधे घट्ट करून घ्यायचं म्हणजे बोटांनी चोळल्यावर गोळे-गोळे राहतात. तुपाने हेल्दी झालं असं मी म्हणत नाही, नेहमीच्या मानाने निम्मं घातलंय एवढंच.

भांड्याबद्दल दोन शब्द. जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) भांड्यात करू नका, बेरी आंबट असते, चव धातूची येते. काचेचं भांडं असेल तर मायनस १८ चं फळ त्यात ओतून सरळ तापलेल्या ओव्हनमधे ढकलू नका, तडकू शकतं. मी आईचं स्टीलचं पसरट पातेलं वापरतो, कान नसलेलं, ओटीजीत (छोट्या घरगुती ओव्हनमधे) बरोब्बर बसतं. १८० डिग्री, मधल्या जाळीवर, फ्रोझन आहे म्हणून ४५ ते ५० मिनिटं. वरून लाल व्हायला लागलं की फॉईल झाका. कडेला बुडबुडे आले म्हणून काढू नका, मधूनही जाड बुडबुडे यायला पाहिजेत, कॉर्नफ्लोर तेव्हाच नीट शिजतो. आणि मग अर्धा तास शांत बसा. हे कोणालाच जमत नाही, गरम वाढलं की पातळ, आणि सगळे मला विचारतात रस्सा का झाला.

चव? पाकिटातल्या बेरी नुसत्या खाल्ल्या तर आंबटढाण आणि स्ट्रॉबेरी पाणचट, मला आवडल्या नाहीत. शिजल्यावर त्यांच्यात कुठून जीव येतो कोण जाणे, रंग गडद जांभळा, रास्पबेरीचा वास घरभर, आणि त्या आंबटपणामुळेच कमी गोडी खटकत नाही. वरून आइस्क्रीमऐवजी चक्का, तोच श्रीखंडाला बांधतो तो, जरासा वेलचीचा वास देऊन. बाबांची शुगर बॉर्डरवर, त्यांना अर्धी वाटीच मिळते आणि ते दुसरी अर्धी मागतातच. आई म्हणाली चांगलं आहे रे, पण एवढा चक्का होता तर श्रीखंडच केलं असतं. आमच्याकडे कुठलीही नवीन डिश शेवटी श्रीखंडाशी तोलली जाते, त्याला इलाज नाही. छोट्या भाचीला बिया दातात अडकल्या म्हणून तिने फक्त वरचा चुरा खाल्ला.

सहाशे रुपयांचं पाकीट एका वेळेत संपवायचं हे मात्र मला पटत नाही. म्हणून मी आता अर्धं पाकीट आणि अर्धं इथलं फळ असं करतो. मार्च-एप्रिलमधे ठेल्यावर शहतूत (तुती) येतात, काळे घ्यायचे, धुऊन पूर्ण कोरडे करून ताटात पसरवून फ्रीजरमधे ठेवायचे, कडक झाले की पिशवीत भरायचे. नुसत्या शहतुताचं क्रंबल मिळमिळीत होतं, गोड आहे पण आंबट काहीच नाही, पाकिटातल्या बेरीबरोबर मात्र जोडी जमते आणि गूळ अजून १० ग्रॅम कमी चालतो. फालसा बेक करायच्या भानगडीत पडू नका, गराच्या मानाने बी फार, त्याचं सरबतच बरं. जून-जुलैत जांभळं. बिया काढायचा वैताग आहे, बोटं आठवडाभर जांभळी, आणि तुरटपणा शिजूनही थोडा राहतोच, पण स्ट्रॉबेरी जास्त असलेल्या पाकिटाला तो तुरटपणा चांगला खुलवतो, मला तर नुसत्या पाकिटापेक्षा हेच जास्त आवडलं. चौईथराम मंडीत सकाळी गेलात तर भाव ठेल्यापेक्षा बरा मिळतो, फक्त किलोच्या हिशोबात घ्यावं लागतं.

उघडलेलं पाकीट क्लिप लावून परत फ्रीजरमधे, आणि बाहेर काढल्यावर पाच मिनिटांच्या आत. एकच दार असलेला, आत बर्फ साचणारा फ्रीज असेल आणि तुमच्याकडे दर संध्याकाळी लाईट जात असेल तर मोठं पाकीट घेऊच नका. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, एक गुण रास्पबेरीच्या फोटोचा कापला आणि अर्धा त्या कस्टमर केअरवाल्याचा. पलासिया किंवा विजयनगरकडे कुणाला दुकानात २०० ग्रॅमचं छोटं पाकीट दिसलं असेल तर सांगा, ॲपवर मला मिळालं नाही, आणि दुकानातून घेताना हलवून तरी बघता येतं.