जिल्हा ग्रंथालय संघ की भारतीय ग्रंथालय संघ?

तालुक्याच्या ‘ब’ वर्ग वाचनालयातल्या ग्रंथपालताईंचा प्रश्न: वर्गणी एकाच ठिकाणी परवडते, कुठे भरू?

भारतीय ग्रंथालय संघ 1933 सालचा, कोलकात्यात स्थापन झालेला. अधिवेशनं निरनिराळ्या राज्यांत, कामकाज मुख्यतः इंग्रजीत. प्रवास-मुक्कामाचा खर्च वेगळा. जिल्हा संघाच्या बैठकीहून एसटीने संध्याकाळी घरी परतता येतं.

अनुदानाचा हप्ता रखडला, दर्जावाढीचा (वाचनालयाला ‘ब’वरून ‘अ’ वर्ग मिळण्याचा) प्रस्ताव अडला, तपासणीत दाखल नोंदवहीतली (आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदतात तिच्यातली) चूक निघाली, तर महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यातल्या खाचाखोचा जाणणारी माणसं जिल्हा संघातच भेटतात. माझ्या मते हाच मुद्दा सगळ्यांत वजनदार. शोधनिबंध, देशभरच्या ओळखी यांसाठी मात्र राष्ट्रीय संघच हवा.

ताई, तुम्ही जिल्हा संघातच या. महाविद्यालयीन ग्रंथपालांनी भारतीय संघाचं सभासद व्हावं.