आधी शेवटचा प्रश्न, मग टाचण : सत्रभर वापरल्यानंतर

टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, काढायची ही पद्धत साधी आहे. तास संपताना मुलांना चिठ्ठीवर जो एक प्रश्न सोडवायला द्यायचा, तो आधी लिहायचा. उद्दिष्ट, कृती, फलकलेखन हे सगळं त्यानंतर. विगिन्स आणि मॅकटाय या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ मध्ये मांडलेल्या उलट्या आराखड्याचं (आधी शेवट ठरवा, मग शिकवणं) हे एका तासापुरतं रूप. सत्रभर वापरल्यावर मत असं, की हिचा सगळा जीव त्या प्रश्नात आहे. तो ढिला पडला तर नेहमीचं टाचण बरं.

ढिला म्हणजे "अपूर्णांकांची बेरीज समजली का?" सगळे हो म्हणतात, विषय संपतो. त्याऐवजी : "१/२ + १/३ किती? उत्तर १/२ पेक्षा मोठं येईल की लहान, ते आधी लिहा." इथे चुकीचं उत्तरच कारण सांगतं. २/५ आलं तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय. २/६ आलं तर समान छेद सापडलाय, अंश बदलायचे राहिलेत. दोघांना एकच उजळणी देणं म्हणजे वेळ वाया.

प्रश्न असा नेमका असला की कृती शोधत बसावं लागत नाही. २४ सेंमीच्या कागदी पट्ट्या घ्या. २, ३, ४, ६, ८ या सगळ्यांनी २४ ला भाग जातो. अर्धा १२ सेंमी, तिसरा हिस्सा ८, जोडून २०. सहावा हिस्सा ४ सेंमीचा, तो त्यात बरोबर पाच वेळा बसतो : ५/६. आणि २/५ म्हणजे ९.६ सेंमी, अर्ध्यापेक्षाही आखूड! हा विरोध मुलांनी स्वतः मोजून पाहिला की नियम वेगळा घोकावा लागत नाही. पट्ट्या मात्र आधीच एकसारख्या कापून ठेवा. मुलांनी कापल्या तर लांब्या बदलतात, 'पूर्ण' एकच राहत नाही आणि सगळी तुलना कोसळते.

४० मिनिटांची वाटणी : उजळणी ५, पट्ट्या १०, स्पष्टीकरण ८, सराव १०, चिठ्ठी ४, राखीव ३. राखीव मिनिटं टाचणात नसली तर हमखास चिठ्ठीच बुडते, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच. वेळ जास्त खातं ते साहित्यवाटप. सूचना आधी फळ्यावर, पट्ट्या नंतर. हातात पट्टी आली की कान बंद होतात. चौघांच्या गटात एखादा नुसता बघत राहतो, त्यामुळे जोड्याच बऱ्या.

प्रश्न विचारल्यावर किमान ३ सेकंद थांबायचं, हेही टाचणात लिहून ठेवावं. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या वर्गातल्या निरीक्षणांत शिक्षक साधारण सेकंदभरच थांबत. थांबणं वाढलं तशी उत्तरं लांबली. लिहिलेलं नसलं की घाईत हे विसरतंच.

चिठ्ठ्यांना गुण देऊ नका. गुण दिसले की शेजारच्याकडे बघणं सुरू होतं. तीन ढीग पुरे : बरोबर, ओळखीची चूक, काहीच नाही. ओळखीच्या चुकीचा ढीग एक तृतीयांशाहून मोठा झाला तर पुढच्या तासाची पहिली १० मिनिटं त्याच चुकीची, नवा भाग नंतर.

कवितेच्या रसग्रहणाला हा साचा आवळतो. तिथे शेवटचा प्रश्न आधी ठरवला की चर्चा त्याच उत्तराकडे ओढली जाते. निव्वळ सरावाच्या तासाला तर गरजच नाही. गणित, विज्ञान आणि व्याकरणाला मात्र बिनधास्त वापरा. सुरुवातीला एका टाचणाला पाऊण तास जातो, त्यातला बराचसा प्रश्न घासण्यात. म्हणून आठवड्याला दोनच पाठांपासून सुरू करा.