ठाण्याच्या नौपाड्यातलं चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर, दोन वर्षांच्या मुलाची असेसमेंट

ज्या आईबाबांना डॉक्टरांनी मुलाच्या विकासाची असेसमेंट (तपासणी) करून घ्या सांगितलंय आणि पोटात गोळा आलाय त्यांच्यासाठी लिहितेय. आमचा मुलगा दोन वर्षांचा होत आला तरी चार-पाच शब्दच बोलतो, घरात सगळे म्हणतात मुलगे उशिराच बोलतात. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी त्याला खुर्चीत बसवून चित्रांची कार्डं दाखवली, तो रडला, आणि रिपोर्टवर काय तर "सहकार्य करत नाही". अरे दोन वर्षांचं लेकरू आहे ते!

इथे खाली मॅटवर बसतात. थेरपिस्ट ताई सुरुवातीला त्याच्याशी बोलल्यासुद्धा नाहीत, खेळणी मांडून नुसत्या बघत होत्या. मग घट्ट झाकणाच्या पारदर्शक डबीत बिस्किट घालून डबी त्याच्या हातात दिली. त्याने खटपट केली, नाही उघडली तेव्हा डबी ताईंच्या हातात ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्या लगेच मला म्हणाल्या, बघा, शब्द नाहीयेत पण मागणं आहे, नजर आहे, हे फार महत्त्वाचं. ठोकळ्यांचा मनोरा पाचापर्यंत गेला (दोन वर्षांना साधारण सहा धरतात), बाहुलीला चमच्याने भरवलं, म्हणजे खोटंखोटं खेळणं येतंय. प्रत्येक खेळातून काय कळलं ते तिथल्या तिथे मराठीत समजावलं, मला खरंच रडू आलं.

एमचॅटचा, म्हणजे ऑटिझमची शक्यता आहे का ते बघणारा, 20 प्रश्नांचा फॉर्मपण भरून घेतला, तो 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी असतो, आणि हे फक्त स्क्रीनिंग (पहिली चाळणी) आहे, निदान नाही हे दोनदा बजावलं. स्पीच थेरपीच्या आधी कानाची तपासणी करून या म्हणाल्या, हे मला सगळ्यात पटलं, कारण नीट ऐकूच येत नसेल तर मूल बोलणार कसं.

रिपोर्ट मात्र इंग्लिशमध्येच मिळतो, सासूबाईंना मला वाचून सांगावा लागला, मराठीत एक पान तरी द्यायला हवं. पार्किंगचं विचारू नका, स्टेशनवरून चालत या.

फी परवडत नसेल तर थांबून राहू नका, सरकारच्या आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) योजनेत 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फुकट होते, अंगणवाडीत नाहीतर सरकारी दवाखान्यात विचारा. आणि इथे येणार असाल तर सकाळचीच वेळ मागा, झोपेला आलेलं मूल काही खेळत नाही.