जुना आयफोन, पक्कं बिल आणि आबांची आयर्लंडची केस

जळगावात सेकंडहँड फोनची दुकानं पायलीला पन्नास, पण बिल मागितलं की "भाऊ बिलाचं काय करता" असं ऐकावं लागतं, म्हणून गोलाणी मार्केटमधल्या ह्या छोट्या दुकानाला मी साडेचार स्टार देतोय. आयफोन १३ घेतला. दुकानातल्या पोराने आधी स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) खोक्याशी जुळवला, बिलावर लिहिला, मग सेटिंगमध्ये अबाउट उघडून स्वतःहूनच दाखवलं की डिस्प्ले बदललेला आहे, आणि त्याचे पैसे कमी केले. बिलाचंही नीट सांगितलं, जुन्या फोनवर पूर्ण किमतीवर नाही तर त्यांनी कितीला घेतला नि कितीला विकला त्या फरकावर जीएसटी लागतो, १८ टक्के.

आता डेटा ट्रान्सफर व्हायला टाइम लागतो, आणि गल्ल्यावर बसतात त्याचे वडील. आबांना ॲपलची टॅक्सची केस तोंडपाठ! २०१६ च्या ऑगस्टमध्ये युरोपियन कमिशनने, म्हणजे युरोपियन युनियनच्या कारभारी मंडळाने, आयर्लंडला सांगितलं की तुम्ही १९९१ आणि २००७ ला ॲपलला टॅक्स कसा लागेल याचे जे रूलिंग, म्हणजे निर्णय दिले ती बेकायदा सरकारी मदत झाली, आता १३ अब्ज युरोपर्यंत वसूल करा. तर आयर्लंडचं सरकार कोर्टात गेलं, का तर म्हणे आम्हाला हा पैसा नको! मी म्हटलं हाई काय शे भो, आपल्याकडे घरपट्टी थकली तर नोटीस येते.

भानगड अशी की युरोपभरच्या विक्रीचा नफा आयरिश कंपनीत दाखवायचा आणि त्यातला बहुतेक अशा हेड ऑफिसच्या नावावर टाकायचा जिथे ना माणूस ना जागा, नुसतं कागदावर. आयर्लंडचा कंपनी टॅक्स तेव्हा साडेबारा टक्के, पण कमिशनच्या हिशेबाने २०१४ ला ॲपलला पडला ०.००५ टक्के, म्हणजे दहा लाख युरो नफ्यावर ५० युरो. एवढ्यात आमचा चहापाण्याचा खर्च निघत नाही.

आबा आयर्लंडच्या बाजूने. ॲपल १९८० पासून कॉर्कमध्ये आहे, हजारो लोकांना काम आहे, सवलत दिली तर बिघडलं काय, आपल्या एमआयडीसीतही देतातच की. मला नाही पटलं. आपल्याकडे मागास तालुक्यात कारखाना टाकला तर जास्त सवलत मिळते हे खरं, पण तो जीआर छापलेला असतो, चटईवाला असो की डाळमिलवाला, नियमात बसला की लागू. कमिशनचं भांडणच हे होतं की एकाच कंपनीला वेगळं माप लावलं. आयर्लंड म्हणत राहिलं आम्ही कुणाला खास वागणूक दिली नाही आणि टॅक्स हा आमच्या देशाचा विषय आहे. २०२० ला युरोपियन युनियनच्या खालच्या कोर्टात ते जिंकले पण, मग १० सप्टेंबर २०२४ ला वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, विषय संपला. म्हणजे केस हरले आणि घरी अब्जावधी युरो आले, असं हरणं आम्हाला पण द्या राव.

तेवढ्यात फोनचा डेटा ट्रान्सफर झाला, आबांनी चहा सांगितला होता तो पण आला. अर्धा स्टार कापला तो कव्हर आणि चार्जरसाठी, तेच बाहेर बरंच स्वस्त मिळतं, तिथे फक्त फोन घ्या. आणि संध्याकाळी गर्दी असते, दुपारी जा.